जंगूचा हात

कार्यशाळेच्या पहिल्या तासाला प्रत्येकाने आपले नाव सांगावे आणि चित्रपट-संकलन आपल्याला कशासाठी शिकायचे आहे तेही सांगावे, असा माझा परिपाठ आहे. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोणाला रील्स करायची असतात, कोणाला मुंबई गाठायची असते, आणि एखादा सत्यवादी प्रमाणपत्रासाठी आलेला असतो. चंद्रपूरच्या त्या महाविद्यालयातही हेच चालले होते, तोच तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"रंजीता आत्राम. मुलचेऱ्याच्या पुढं जंगलात आमचं गाव हाय. मले एकच गोष्ट शिकाची आहे, मॅडम. माणसाच्या मनात नसताना त्याचा हात वर कसा जाते, ते."

वर्ग हसला. व्यावसायिक सौजन्य म्हणून मीही किंचित हसले. पहिल्या बाकावर राजदीप नावाचा मुलगा होता. घुग्घुसच्या एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ कापण्याचे काम तो करत असे, त्यामुळे हाताचे कसब म्हणता येईल असे काही येत असलेला वर्गात तो एकटाच. तो हसला नाही. त्याने पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले.

कार्यशाळेचा खर्च एका खाणकंपनीने उचलला होता, ही गोष्ट लपवलेली नव्हती. फळ्यापेक्षा मोठा फलक फळ्याच्या वर लावलेला होता. उद्घाटनाला प्राचार्य म्हणाले की चित्रपट हा समाजाचा आरसा आहे. आरशाला कात्री लावता येत नाही, एवढी साधी अडचण त्यांच्या ध्यानात आली नसावी, किंवा इतक्या वर्षांच्या भाषणांत ती अडचण राहिली नसावी. त्यांच्या शेजारी कंपनीचे जनसंपर्क अधिकारी हेमराज बसले होते आणि योग्य त्या जागी मान हलवत होते.

मी शिकवायला सुरुवात केली ती दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या प्रयोगाने. मदीहा नावाच्या विद्यार्थिनीला तिच्या आजोबांचा, बाबूभाईंचा, चेहरा चित्रित करून आणायला सांगितले होते. काही करायचे नाही, काही बोलायचे नाही, फक्त समोर पाहायचे. तो चेहरा मी आधी बिर्याणीच्या ताटाशेजारी जोडला. वर्ग म्हणाला, भुकेले आहेत. मग तोच चेहरा घुग्घुसच्या कोळशाच्या धुमसत्या ढिगाशेजारी जोडला. वर्ग गंभीर झाला. यांचे कोणीतरी खाणीत गेले आहे, असे एकाने ठामपणे सांगितले. मग तोच चेहरा एका रांगणाऱ्या बाळाशेजारी. "किती माया आहे डोळ्यांत!" मागून आवाज आला.

"माया कुठली, मॅडम," मदीहा म्हणाली. "नाना तर झोपले होते. आँखें खोलके झोपतेत ते. दुकानात गिऱ्हाईक येते म्हणून सवय पडली."

हशा ओसरल्यावर मी त्यांना सांगितले की प्रेक्षक चित्र पाहत नाही, तो दोन चित्रांमधली जागा पाहतो आणि तिथे स्वतःचे काहीतरी ठेवून देतो. संकलक त्याला फक्त जागा करून देतो. म्हणून संकलकाचा खोटेपणा सिद्ध करणे अवघड असते. त्याच्या दोन्ही चौकटी खऱ्याच असतात.

रंजीता उभी राहिली. "चेहऱ्याचं समजलं. हाताचंबी असंच असते काय?"

तिने मोबाईल माझ्या हाती दिला आणि मी तो पडद्याला जोडला. कंपनीने प्रसृत केलेली ती चित्रफीत होती. मोहाच्या झाडाखाली ग्रामसभा भरली आहे. टेबलामागचा अधिकारी माईकवर शुद्ध मराठीत विचारतो, "सदर प्रकल्पास ग्रामसभेची संमती आहे काय? असल्यास हात वर करावेत." लगेच पुढच्या चौकटीत हात वर जातात. सर्वांत आधी जातो तो एका उंच, हाडकुळ्या माणसाचा. मागोमाग पाच-पन्नास हात. पुन्हा टेबल, पुन्हा अधिकारी, टाळ्या, बासरी.

"तो पहिला हात माझ्या बापाचा हाय. जंगू आत्राम," रंजीता म्हणाली. "तो म्हणते, म्या यासाठी हात नाई केला. गाव म्हणते, पण त्या दिवशी तुह्या हात वर होता, आमी डोळ्यानं पाह्यला. हात होताच ना वर! कशासाठी होता ते कोणाले आठवत नाई. बाकीचे म्हणतेत, जंगूचा पाहून आमी केला असन. आता त्याच्या अंगणात कोणी बसाले येत नाई. पंगतीत त्याच्या बाजूची जागा सुटते. अन् मॅडम, आता तं तोच म्हणाले लागला हाय, म्या केलाच असन वर. पिच्चरमधे दिसते तं केलाच असन."

राजदीपने पेनाचे टोपण घट्ट लावले.

"शुक्रवारी पडताळणी समिती येते," ती पुढे म्हणाली. "पिच्चर पाहते, शिक्का मारते, अन् डोंगर खाणीत जाते. डोंगराचं कोर्टकचेरी करून पाहू. पण बाप मरेपर्यंत तोच राहीन, ज्यानं पहिला हात वर केला."

मी बरेच वाचले आहे. सत्ता प्रतिमांच्या साह्याने काय करते यावर लिहिलेल्या ग्रंथांनी माझी दोन कपाटे भरली आहेत. त्या क्षणी मला एवढेच कळले की त्यांतील एकाही लेखकाला हे वाक्य सुचले नव्हते: पिच्चरमध्ये दिसते तर केलाच असेल.

मी आवाज बंद केला. "संकलक चूक लपवतो ती आवाजाच्या पांघरुणाखाली," मी म्हटले. "पांघरूण काढा आणि पाहा. गोष्ट पाहू नका. अंगावरचे कपडे पाहा, सावल्या पाहा."

एकदा पाहिले. दुसऱ्यांदा पाहिले. तिसऱ्या वेळी मदीहा बाकावरून अर्धी उठली.

"दुपट्टा! मॅडम, रंजीताच्या बाबांचा दुपट्टा, वो गमछा, बघा ना. साहेब विचारते तेव्हा मागं बसलेले दिसतेत, डोक्यावर दुपट्टा. हात वर करतेत तेव्हा खांद्यावर. साहेब टाळ्या वाजवते, फिर डोक्यावर. एवढ्या जल्दी कसं?"

"आणि सावली?"

"हात वर हाय तेव्हा सगळे सावलीत बसून हायेत," रंजीता सावकाश म्हणाली. "सायेबाच्या वेळेले ऊन डोक्यावर आलं. ते सकाळचं हाय. हे दुपारचं." ती पडद्याजवळ गेली आणि बापाच्या कोपरावर बोट ठेवून उभी राहिली. "सकाळी कशाले केला होता गा हात वर?"

राजदीप पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला, तो तास संपेपर्यंत आत आला नाही.

दुपारी प्राचार्यांनी बोलावून घेतले. हेमराज तिथे आधीच चहा घेत होते. बातमी जिन्याने गेली नव्हती, उडी मारून गेली होती.

"खोब्रागडे मॅडम, आपल्या विद्वत्तेबद्दल आम्हांला नितांत आदर आहे," प्राचार्य म्हणाले. माझ्या अनुभवात या वाक्यानंतर आदराचे काही आलेले नाही. "आपण संकलन शिकवायला आला आहात. चालू प्रकरणं वर्गात नकोत."

"संकलनाची उदाहरणे द्यावी लागतात, सर."

"मग एखाद्या चांगल्या चित्रपटाची द्या!"

"यांच्या कंपनीचा काय वाईट आहे? परिणामकारक आहे."

हेमराजांनी कप बशीत ठेवला. "मॅडम, दुपट्ट्यावरून काही सिद्ध होत नाही. संकलकाच्या सोयीसाठी चित्रं मागंपुढं होतात, हे तुमच्याच शास्त्रात बसतं. हात वर गेले की नाही? गेले. ते गावकऱ्यांचेच की नाही? त्यांचेच." त्यांनी अगदी सौम्यपणे हसून दाखवले. "आमच्याकडं खोटी चौकट एकही नाही."

त्यांनी माझेच सकाळचे वाक्य मला परत केले होते, आणि ते अचूक होते. मी अनेक मूर्खांशी वाद घातले आहेत. बुद्धिमान माणसाने निर्लज्जपणासाठी राखून ठेवलेली अचूकता मला अधिक गार करते. मी नमस्कार केला आणि निघाले.

राजदीप महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उभा होता. चहा घेतलेला होता, प्यालेला नव्हता. सायीचा पडदा वर जमला होता.

"मॅडम, ते म्या कापलं," तो म्हणाला.

अशा वेळी शिक्षकाने बोलणे म्हणजे समोरच्याला थांबायची संधी देणे.

"कोणी सांगितलं नोतं तसं कराले. खरंच नोतं सांगितलं. सायेबानं विचारलं, संमती हाय काय, अन् मॅडम, कोणीच काही नाई केलं. ना हो, ना नाई. नुसते बसून. लय वेळ. स्क्रीनवर पाहा तं असं वाटे, क्लिप हँग झाली. लग्नात असं कुठी झालं, नवरीचा मामा बोलता बोलता थांबला, कॅमेरा हलला, तं आमचे सेठ म्हणतेत, गॅप दिसली की पब्लिक टाक. टाळ्या वाजवणारी, हसणारी, अक्षता फेकणारी. कुठलीबी टाक, लोकं आपलेच पाहतेत. म्या पाह्यलं, पब्लिक कुठी हाय. सकाळच्या मेमरी कार्डात हातवाली होती. फस्क्लास दिसे. म्या पब्लिक टाकली."

त्याने हे एखाद्या जखमेचे वर्णन करावे तसे सांगितले आणि मला त्यातले सर्वांत भयंकर काय ते हळूहळू कळत गेले. रंजीताने डब्याच्या सुट्टीत मला सांगितले होते, की तिच्या गावात मोठ्या गोष्टीला पहिल्या बैठकीत कोणी उत्तर देत नाही. ऐकून घ्यायचे, घरी जायचे, बायामाणसांशी बोलायचे आणि मग पुन्हा बसायचे. समोरच्याने विचारल्यावर गप्प बसणे हे त्या गावाचे उत्तर होते. सभ्य, स्पष्ट आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. आणि घुग्घुसच्या लग्नांत कारागिरी शिकलेल्या या मुलाला ते उत्तर म्हणजे फुटेजमधला दोष वाटले. त्याने तो दुरुस्त केला.

"हेमराज साहेबांनी पाहिल्यावर काय म्हटले?"

"तिथीच थांबवलं, मागं घेतलं, परत पाह्यलं. मग म्हणले, मस्त. पुढचं काम तुलेच."

म्हणजे अज्ञान राजदीपचे होते आणि ज्ञान हेमराजांचे. एकाने चूक केली आणि दुसऱ्याने ती ओळखून स्वीकारली. इतिहासातल्या बऱ्याच कारस्थानांची वाटणी अशीच झालेली असते.

"मूळ चित्रण राहिले आहे?"

"हाय. आमी पुसत नाई, मॅडम. लग्नातली म्हातारी मेली की घरचे येतेत, आईची चालती-बोलती क्लिप द्या म्हणून. सेठचा नियमच हाय, कच्चं फेकाचं नाई." तो थांबला. "सकाळचं आवाजासकट हाय. कोतवाल लहानूभाऊ गोंडीत काहीतरी विचारते, अन् हात वर जातेत. काय विचारते ते मले नाई समजत."

"रंजीताला समजेल."

"माहीत हाय." त्याने चहा ओतून दिला. "माह्या बाप, रामाजी, त्यायच्याच खाणीवर कंत्राटात हाय. मले व्हिडिओचं पर्मनंट काम देतो म्हणले. शुक्रवारी समितीसमोर लॅपटॉपवर मीच बसणार हावो. मी काय करू, मॅडम?"

हा प्रश्न टाळण्याची एक सुसंस्कृत पद्धत माझ्या पेशात उपलब्ध आहे. विद्यार्थ्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ द्यावा, असे म्हणतात. तिचा मला नेहमीच तिटकारा वाटत आला आहे, कारण ती बहुधा शिक्षकाची नोकरी वाचवते. मी म्हटले, "दाखव, असे माझे मत आहे. मी समितीला लेखी देणार आहे की हा जोड खोटा आहे, पण माझा कागद ते फायलीत लावतील. तुझ्याकडे आहे ते फायलीत लावता येत नाही. नुकसान तुझे होईल आणि बापाचे होईल, माझे होणार नाही. म्हणून ठरवायचे तू."

तो मोटरसायकलवर बसला. वळणावर ट्रकच्या धुळीत तो दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. रंजीताला मी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि काहीच उत्तर दिले नाही.

समितीची बैठक तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात ठेवली होती, कारण पडदा आणि खुर्च्या तिथेच होत्या. व्यासपीठामागे आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरे तशीच होती. 'पिंकी वेड्स विक्की' याच्या बरोबर खाली समितीचे अध्यक्ष बसले. त्यांच्या डावीउजवीकडे तीन सदस्य, त्यांत एक तरुण बाई. माझा कागद त्यांनी घेतला, वाचला आणि फायलीत लावला.

गावकरी गाड्यांतून आणले होते. त्यांनी पुढच्या रांगा भरल्या. जंगू आत्राम अगदी मागे भिंतीला लागून बसला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्या रिकाम्या ठेवल्या आहेत हे कोणालाही दिसत होते. त्याचा दुपट्टा आज खांद्यावर होता. उजवा हात मांडीखाली दाबून तो बसला होता.

लॅपटॉपवर राजदीप होता. माझ्याबरोबर रंजीता आणि मदीहा आल्या होत्या; तो आमच्याकडे पाहत नव्हता. हेमराज त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, थोरल्या भावाच्या आपुलकीने उभे होते.

"रामाजी बरे आहेत ना?" त्यांनी विचारले. आवाज हळू होता, पण मी दुसऱ्या रांगेत होते.

"बरे हायेत."

"मग लाव."

दिवे मालवले. बासरी सुरू झाली. आकाशातून जंगल दिसले. मग मोहाचे झाड, टेबल, अधिकारी. रंजीताने माझे मनगट धरले होते. तिची नखे रुतत होती आणि ते तिला कळत नव्हते.

"सदर प्रकल्पास ग्रामसभेची संमती आहे काय? असल्यास हात वर करावेत."

हात आले नाहीत.

बासरी थांबली होती. पडद्यावर माणसे बसलेली होती. जनरेटरचा आवाज येत होता. जंगू डोक्यावर दुपट्टा घेऊन जमिनीकडे पाहत होता. एका बाईने पोराच्या तोंडावरची माशी उडवली. कोणी काही केले नाही, आणि ते काही न करणे लांबत गेले. मी आयुष्यात इतकी शांतता पडद्यावर टिकवण्याचे धाडस करणारा संकलक पाहिलेला नाही.

"अडकलं का?" अध्यक्ष म्हणाले.

"राजदीप," हेमराज म्हणाले. "बंद कर."

"अडकलं नाई, सर," राजदीप म्हणाला. "असंच होतं ते. म्या कापलं होतं. आता सकाळचं पाहा." हेमराजांचा हात लॅपटॉपकडे गेला, तेव्हा त्याने तो मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही कोपरांनी झाकला. मदीहाने मागच्या रांगेत आपला कॅमेरा उचलला.

पडद्यावर सावली आली. लहानू कोतवाल उभा राहिला आणि त्याने गोंडीत खणखणीत काहीतरी विचारले. जंगूचा हात सर्वांत आधी वर गेला. मग बाकीचे.

सभागृहात पुढच्या रांगांतून एक आवाज उठला. तो आधी श्वासासारखा होता, मग कुजबुजीसारखा. लच्छू नावाचा एक वृद्ध, ज्याने ग्रामसभेनंतर जंगूची तंबाखू घेणे सोडले होते, तो उभा राहिला. पडद्याकडे हात करून तो गोंडीत काहीतरी म्हणाला आणि कपाळावर थाप मारून हसू लागला. बायका हसल्या. कोणीतरी रडतही होते. संपूर्ण गावाला ते कळले होते. दिवे लागले, तेव्हा सभागृहात ज्यांना काही कळलेले नव्हते असे बहुतेक सगळे व्यासपीठावर बसलेले होते.

"शांत राहा! शांत राहा!" अध्यक्षांनी टेबल वाजवले. "काय विचारलं आहे त्या माणसानं? आम्हांला काही कळलं नाही. मराठीत सांगा कोणीतरी."

रंजीता उठली. पण जंगू तिच्याआधी उठला होता. दोन रिकाम्या खुर्च्यांमधून तो बाहेर आला आणि मधल्या वाटेने चालत पुढे गेला. मराठी त्याला चांगली येत होती.

"सायेब, तेच विचारलं होतं," तो म्हणाला. "लहानूभाऊ म्हणला, ज्याले मराठी समजत नाई, त्यानं हात वर करा, म्हणजे गोंडीत सांगाले माणूस बोलवता येईन. मले येते, पण मागं बसलेल्या म्हाताऱ्यायसाठी म्या केला. सगळ्यायनं केला. माणूस काही आला नाई."

लच्छू सरकला आणि पहिल्या रांगेत त्याने शेजारची जागा हाताने पुसली.

जंगू बसला नाही. त्याने व्यासपीठावरच्या चौघांकडे एकेक करून पाहिले. आवाजात राग नव्हता. एखादे काम नीट पार पाडावे, अशी काळजी होती.

"आता तुमी सांगा. ज्याले गोंडी समजत नाई, त्यानं हात वर करा."

तरुण सदस्य बाईंनी आधी केला. त्यांच्या शेजारच्याने त्यांच्याकडे पाहून केला. तिसऱ्याने कोपर टेबलावरून न उचलता केला. शिक्क्याची पेटी मिटलेलीच होती, आणि सदस्य बाईंनी दुसऱ्या हाताने ती हळूच बाजूला सरकवली. ग्रामसभा पुन्हा घ्यावी आणि गोंडीत घ्यावी, हे इतिवृत्तात पुढे आले ते त्यांच्याच तोंडून.

अध्यक्षांचा हात अजून टेबलाखाली होता. तो वर नेण्यापूर्वी त्यांनी मदीहाच्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि नजर तिथेच राहिली. गाव वाट पाहत होते. मदीहाने शॉट तोडला नाही.